माध्यमिक शिक्षकाचे भाषाशिक्षण

विद्यार्थ्यांची बोली शिकण्याची इच्छा माध्यमिक शिक्षकाला साधारणपणे चाळिशीनंतर होते. त्याआधी ती आपल्याला येतेच, अशी त्याची खात्री असते. ही इच्छा भाषाप्रेमातून उद्भवते असे स्टाफरूममध्ये सांगितले जाते. खरे कारण निराळे असते: फळ्यावर लिहीत असताना पाठीमागे जो हशा पिकला, त्याचा विषय आपण तर नाही ना, ही शंका. चौकशीअंती विषय आपण नव्हतोच असे कळते. त्यावर शिक्षकाला जे वाटते, त्याला सुटका म्हणता येत नाही.

पहिल्या बाकावरची मुले विचारलेल्या शब्दाचा अर्थ चटकन सांगतात, पण तो ऐकीव असतो. खरे जाणकार शेवटच्या बाकावर बसतात. असा जाणकार सहसा घटक चाचणीत काठावर असतो, मात्र ‘राडा’, ‘झोल’ आणि ‘लोच्या’ यांतला फरक तो कधी चुकवत नाही. राड्यात आवाज होतो, झोलात कोणीतरी काहीतरी खातो आणि लोच्या आपोआप होतो, त्यात कोणाचाच दोष नसतो. शिक्षकाने आपल्या तारुण्यातला ‘झकास’ पुढे केला, तर जाणकार आदराने गप्प बसतो. अशा आदरापासून सावध राहावे.

शब्दांना गाव असते. ‘कलटी मारणे’ मुंबईचे, ‘नाद खुळा’ आणि ‘विषय हार्ड’ कोल्हापूरकडचे. ‘रिझ’, ‘ऑरा’ वगैरे मोबाइलमधून येतात, त्यांना गाव नाही. ‘रिझ’ला ऑक्सफर्डने २०२३ सालचा शब्द ठरवले. शिक्षकाच्या कानावर तो पोहोचेपर्यंत अर्थातच शिळा झाला होता.

येथे मोल्सवर्थचा उल्लेख टाळता येत नाही, निदान मराठीच्या शिक्षकाला तरी टाळवत नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पंडित हाताशी धरून त्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची, सुमारे साठ हजार शब्दांची. ग्राम्य म्हणून नाके मुरडली जातील असेही शब्द त्याने घेतले. वहीच्या मागच्या पानांवर पाऊणशे शब्द जमताच शिक्षक स्वतःला याच परंपरेत बसवू लागतो. साम्य थोडेफार आहेही. दोघेही परके, दोघेही हुद्द्याने वरचे. फरक असा की, मोल्सवर्थचे पंडित पगारी होते. खोटा अर्थ सांगून साहेबाची गंमत पाहणे त्यांना परवडणारे नव्हते. नववी ‘ब’ला ते परवडते. शिवाय मोल्सवर्थला दुसऱ्या आवृत्तीसाठी २६ वर्षे मिळाली, वर्गातली आवृत्ती दिवाळीच्या सुट्टीत बदलते. त्या काळी कोशकाराला सवड होती, असे शिक्षक उसासा टाकून म्हणतो आणि कोणी विचारले नसतानाही १८५७च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेकडे वळतो. तेथून त्याला परत आणावे लागते.

वहीतली एक नोंद विनोदी नाही. ‘लोड नको घेऊ.’ बोर्डाच्या पेपरआधी, निकालानंतर, घरी मार खाऊन आलेल्याच्या खांद्यावर हात टाकून मुले हे एकमेकांना म्हणतात. शिक्षकांच्या बोलीत अशा प्रसंगासाठी ‘अजून वेळ गेलेली नाही’ हे वाक्य आहे आणि ते नेमके वेळ गेल्याचेच कळवते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी धीर देण्याचे शब्द आपले आपण जमवले, कारण मोठ्यांकडून आलेल्या शब्दांत सूचनाच फार होत्या.

परीक्षेत या बोलीला थारा नाही. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा असतो, तेव्हा ‘कंठस्नान घालणे’ चालते. त्याचा उपयोग करण्याची वेळ कोणत्याही मुलावर न येवो. ‘पोपट होणे’ रोज घडते, पण त्याला गुण देताना परीक्षकाचा हात अडखळतो. निबंधात ‘नाद खुळा’ लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापणारा आणि तोच शब्द मागच्या पानावर कौतुकाने टिपून घेणारा, हे दोघे एकाच पगारपत्रकावर एकाच नावाने सही करतात.

शिकलेले शब्द वर्गात वापरावेत का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ऐकावे, कळावे आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये. विशेषतः ‘सिक्स-सेव्हन’चा अर्थ विचारू नये. डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ सालचा शब्द म्हणून निवडलेल्या या आकड्याला ठरावीक अर्थच नाही. धडा सदुसष्टाव्या पानावर असेल, तर मराठीत आकडा सांगूनही निभावत नाही. एरवी एकोणसाठ म्हणजे किती असे विचारणारा वर्ग या एका आकड्याचे इंग्रजी तत्काळ करतो. अशा वेळी सहासष्टावे पान उघडायला सांगावे. सदुसष्टावे समोरच असते.