मधल्या पदाची फोड

कंसांचा गुणाकार करायला फारशी अक्कल लागत नाही. (क्ष + २)(क्ष + ३) समोर आलं की इकडच्या दोघांनी तिकडच्या दोघांची गळाभेट घ्यायची, सारखी पदं एकत्र करायची आणि क्ष² + ५क्ष + ६ लिहून मोकळं व्हायचं. फजिती असते ती परतीच्या वाटेवर. 'आता याचेच अवयव पाडा' असं कोणी म्हटलं, की चांगल्या घरातली माणसं पाणी प्यायला उठतात.

आमच्या लिंबायतमध्ये अशी पाणी प्यायला उठणारी माणसं घरोघरी सापडतात. सुरतेचा हा भाग म्हणजे खानदेशच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीनं आली, कोणी लूमवर लागलं, कोणी मिलमध्ये, कोणी मार्केटात, आणि इथलीच झाली. महानगरपालिकेच्या शाळाही गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजीतून चालतात. म्हणजे अवयव न पडण्याची सोय एकूण ७ भाषांत आहे.

माझी मुलगी मराठी माध्यमात, नववीला. मी रिंगरोडच्या कापड मार्केटात एका शेठकडे मेहताजी. त्यामुळे गणित हा माझ्या हातचा मळ आहे, असं घरात सगळे धरून चालतात. ४८ साड्या, मजुरी नगाला ५२ रुपये, असं म्हटल्याबरोबर मी २,४९६ सांगतो हे खरं. ५० चा वर्ग २,५००, त्यातून २ चा वर्ग वजा. (अ + ब)(अ − ब) एवढं एक सूत्र आमच्या मार्केटात पोटापुरतं चालतं. पण दुकानाच्या वहीत क्षच्या नावावर आजवर एक पैसा चढलेला नाही, आणि जो उधारी करत नाही त्याची ओळख ठेवायची मेहताजीला गरज नसते.

तसा नियम सरळ आहे. गुणाकार ६ आणि बेरीज ५ येईल अशा दोन संख्या शोधायच्या. २ आणि ३. मधल्या ५क्षची फोड करून २क्ष + ३क्ष लिहायचं, जोड्या लावायच्या: क्ष(क्ष + २) + ३(क्ष + २). सामाईक कंस बाहेर काढला की काम फत्ते. मुलीनं हे बिनबोभाट केलं आणि मी शिकवल्यासारखा चेहरा केला.

पुढचं गणित होतं क्ष² + ५क्ष − ६.

"एका चिन्हानं काय होतंय? तेच लिही परत," स्वयंपाकघरातून हिचा सल्ला आला. पण आता गुणाकार उणे ६ हवा आणि बेरीज मात्र तीच ५. २ आणि ३ यांनी साफ हात वर केले. कामाला आले ६ आणि उणे १. मधलं पद जसंच्या तसं, पण फोड निराळी.

शेजारच्या अक्का तेवढ्यात साड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. मार्केटातून आलेल्या साड्यांचे धागे कापून घड्या घालायचं काम त्या घरी करतात, आणि आमच्या घरातला पंखा त्यांच्यापेक्षा बरा आहे. "काय करी ऱ्हायनी वं पोर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अक्का, तुमचंच काम चाललंय. दुकानात गिऱ्हाइकासमोर साडी उलगडायला एक झटका पुरतो, पण तीच साडी मूळच्या घडीवर बसवायची तर तुमच्यासारखा हात लागतो. कंसांचा गुणाकार म्हणजे ते उलगडणं, आणि अवयव पाडणं म्हणजे ही घडी."

अक्कांनी हातातली साडी गुडघ्यावर दाबली, निरी सरळ केली आणि विचारलं, "पन तिले पहिले घडी व्हती का नही, हाई कसं समजी?"

शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं मुद्द्यालाच हात घातला होता. प्रत्येक वर्गत्रिपदीचे पूर्णांकांत अवयव पडतातच असं नाही. ते आधी कळायची युक्ती म्हणजे अक्ष² + बक्ष + क मधलं ब² − ४अक. ही किंमत पूर्ण वर्ग आली तर घडी होती म्हणायची. पहिल्या गणितात २५ − २४ म्हणजे १, दुसऱ्यात २५ + २४ म्हणजे ४९. दोन्ही पूर्ण वर्ग. पण क्ष² + ५क्ष + ५ घेतलं तर येतात ५, आणि मग रात्रभर बसलात तरी त्या दोन संख्या सापडायच्या नाहीत. पुस्तकातली गणितं मात्र हटकून सुटतात, कारण लिहिणाऱ्यानं आधी कंस गुणलेले असतात.

अक्कांचं तेज पाहून माझा खानदेशी अभिमान जागा झाला. मी मुलीला सांगितलं, की चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवानं, चांगदेवानं, तिथे मठ काढला होता. १११४ सालचा जन्म, आणि ३६ व्या वर्षी 'लीलावती'! त्यातलं भुंग्यांचं गणितही सांगितलं. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीवर गेलं, पाठोपाठ थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि उरलं एक जोडपं: तो कमळात अडकलेला, ती बाहेर गुणगुणतेय. तर थवा केवढा?

पोरीनं थवा २य² धरला आणि २य² − ९य − १८ वर आणून ठेवला. मधल्या पदाची फोड उणे १२ आणि ३. अवयव (२य + ३)(य − ६). य बरोबर ६, थवा ७२ भुंग्यांचा. मी डोळे पुसायच्या बेतात होतो.

"पण पप्पा, दुसरं उत्तर? य उणे दीडसुद्धा येतो. म्हणजे थवा साडेचार भुंग्यांचा, आणि मालतीवर आधी गेलेले उणे दीड."

"उना दीड भुंगा," अक्का म्हणाल्या, "मन्हा घरमा शे. खास पन दिखस नही." त्यांचे यजमान तेव्हा रात्रपाळीला होते.

क्ष² + ५क्ष + ५ माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुकानात मंदी होती, म्हणून शेठना दाखवलं. त्यांनी चश्मा वर केला.

"केटलानो फरक छे?"

"एकाचा. ६ असते तर बसलं असतं."

"तो वटाव-कसरमां नाखी दो ने!"

वटाव-कसर हे आमच्या वहीतलं सर्वांत दयाळू खातं. जे पैसे येणार नाहीत आणि ज्यावरून भांडायचंही नाही, ते तिथे जातात. शेठचं म्हणणं तपासलं तर त्यात खोट निघेना: एक चढवा, कंस बांधा, चढवलेला एक बाहेर वजा दाखवा. (क्ष + २)(क्ष + ३) − १. जमा-खर्च चोख. मुलीनं चाचणीत हेच उत्तर लिहिलं. त्याला अवयव म्हणत नाहीत, असा शेरा मारून बाईंनी एकातला अर्धा गुण दिला. उरलेला अर्धा कुठे टाकायचा, हे तिला आता सांगावं लागत नाही.