आधी फ्रेम मोजा, खेळा नंतर

ग्राफिक्स कार्ड कशाला हवं, असं विचारलं की घरच्यांना उत्तर मिळतं ‘अभ्यासाला’ आणि मित्रांना ‘गेमिंगला’. दोन्ही थापा आहेत. कार्ड घेतात ते बेंचमार्क, म्हणजे कार्डाचा वेग मोजायच्या चाचण्या, चालवायला. खोकं फोडायचं, कार्ड बसवायचं, फरमार्क लावायचं आणि पडद्यावर गरगर फिरणारा केसाळ डोनट (होय, केसाळ) डोळ्यांत तेल घालून पाहत बसायचं. तापमान 80च्या वर गेलं की आईला हाक मारून पंखा पाचवर करायला सांगायचं. मग थ्रीडीमार्क, मग त्याचा स्कोअर ग्रुपवर. समोरून ‘माझा 200ने जास्त आलाय’ असं उत्तर आलं की त्या रात्रीची झोप गेली. गेम कुठे गेले म्हणता? ते दिवाळी सेलमध्ये घेऊन ठेवलेत. सवड मिळाली की उघडू.

या छंदाची पूर्वतयारी आपल्याकडे शाळेतच होते. पोराला काय येतं यापेक्षा टक्के किती पडले हे विचारणाऱ्या समाजाला ‘हे कार्ड त्याच्यापेक्षा 5 टक्क्यांनी सरस’ हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. 5 टक्के म्हणजे सेकंदाला 60 फ्रेमच्या जागी 63. हा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा कोणी भेटला, तर लगेच त्याच्याकडून नेत्रदानाचा फॉर्म भरून घ्या. असे डोळे वाया जाऊ नयेत.

आणि परीक्षा म्हटली की ‘21 अपेक्षित’ आलंच. 2001 साली एटीआय या कंपनीचं रेडिऑन 8500 हे कार्ड क्वेक थ्री या गेममध्ये झकास आकडे देत होतं. हार्डओसीपी या संकेतस्थळाच्या मंडळींनी गेमच्या फाइलचं नाव बदलून ‘क्वेक’चं ‘क्वॅक’ केलं. गेम तोच, कार्ड तेच. पण वेग घसरला आणि चित्र मात्र सुधारलं. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बिचारा फाइलचं नाव वाचून पेपर ओळखत होता आणि क्वेक दिसलं की टेक्श्चरचा दर्जा गुपचूप उतरवत होता.

दोनच वर्षांत एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी कंपनीने ही कला पुढच्या इयत्तेत नेली. थ्रीडीमार्क 03मधला कॅमेरा दर वेळी ठरलेल्या वाटेनेच फिरतो. मग त्या वाटेवरून जे दिसणारच नाही ते रंगवायचं कशाला? जीफोर्स एफएक्सच्या ड्रायव्हरने तेवढा भाग सरळ कापून टाकला. परीक्षकांनी कॅमेरा जरा आडवाटेला नेला, तर तिथे आभाळाच्या जागी नुसता गोंधळ. मे 2003मध्ये फ्यूचरमार्क या फिनलंडच्या कंपनीने, म्हणजे पेपर काढणाऱ्यांनीच, दुरुस्ती आणली आणि एफएक्स 5900 अल्ट्राचे गुण 24.1 टक्क्यांनी खाली आले. एटीआयच्या खिशातही एक छोटी चिठ्ठी सापडली. त्यांनी ती मुकाट्याने काढून दिली.

खरी मौज पुढे आहे. थोड्याच दिवसांत फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढलं, की ही फसवणूक नसून विशिष्ट प्रोग्रॅमपुरतं केलेलं ऑप्टिमायझेशन आहे. आपल्या परीक्षा मंडळाला हे सुचलं असतं तर कॉपीमुक्त अभियानाचा खर्च वाचला असता. चिठ्ठी नव्हे, प्रश्ननिहाय तयारी!

पेपर तपासणाराही आपल्या पसंतीचा असावा, ही पुढची पायरी. डिसेंबर 2020मध्ये एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियन चॅनेलला कळवलं, की तुम्ही आमच्या रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या रंगवण्याच्या तंत्राचं, पुरेसं कौतुक करत नाही, सबब यापुढे तुम्हाला परीक्षणासाठी आमची फाउंडर्स एडिशन कार्डं नाहीत. जगभर बोंब झाली आणि काही दिवसांतच कंपनीने माफी मागून निर्णय मागे घेतला. परीक्षार्थीने परीक्षकाची माफी मागण्याचा हा प्रसंग दुर्मीळच म्हणायचा.

हल्ली मात्र कॉपी करावीच लागत नाही, कारण गुण मोजायची रीतच बदलली आहे. जानेवारी 2025मध्ये लास वेगासच्या मंचावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग चकचकीत जाकीट घालून आले आणि 549 डॉलरचं आरटीएक्स 5070 हे आधीच्या पिढीतल्या 1,599 डॉलरच्या 4090ची कामगिरी देईल, असं सांगून गेले. टाळ्या पडल्या. ही कामगिरी येते कुठून? कार्ड एक फ्रेम स्वतः काढतं आणि पुढे तीनपर्यंत फ्रेम एआय अंदाजाने भरतो. त्यासाठी पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत थांबणं आलं, म्हणजे माउस दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ थोडा वाढलाच. तुमची गोळी लागली की नाही, हे खऱ्या फ्रेमच ठरवतात. मधल्या तिघी ती बातमी सुबक करून सांगतात. चित्र गुळगुळीत दिसतं हे मान्य, आणि निवांत फिरायच्या गेममध्ये ते छानही वाटतं. पण चारांपैकी तिघी हजेरीपटावर नसताना वर्ग भरलेला दाखवायचा, याला आमच्या जिल्ह्यात पटपडताळणी लागते.

एक माणूस मात्र या गर्दीत शहाणा निघाला. टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी 2011मध्ये विचारलं, की सेकंदाची सरासरी सांगता, पण त्या सेकंदाच्या आत काय घडतं? 60 फ्रेम म्हणजे प्रत्येकीला सुमारे 16.7 मिलिसेकंद. त्यातल्या एकीने 100 घेतले तर गेम अडखळतो, हात चुकतो, शत्रू निसटतो. पूर्ण चाचणीची सरासरी मात्र जेमतेम हलते. म्हणून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायचा. आज परीक्षणांत दिसणारा ‘वन परसेंट लो’ त्याच विचारातला, म्हणजे सगळ्यांत वाईट क्षणी कार्ड कसं वागतं त्याचा हिशेब. कार्ड पारखायला याहून भला आकडा नाही. आपण त्याचं काय केलं? भांडायला आणखी एक रकाना मिळाला.

हे सगळे आलेख बनतात कुठे, तेही पाहावं. उघडा टेस्ट बेंच, थंडगार खोली, बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर. तेच कार्ड मे महिन्यात जळगावात, लाकडी टेबलाच्या कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटमध्ये, पाच वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरसोबत धापा टाकतं आणि जीव वाचवायला आपला क्लॉक खाली आणतं. त्याचा आलेख कोणी काढत नाही. किंमतही तशीच: मंचावर डॉलरमध्ये, कराशिवाय, इथे रुपयांत, 18 टक्के जीएसटीसकट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार या बाबतीत खरा निःपक्षपाती. त्याच्या मते सर्वोत्तम कार्ड म्हणजे आत्ता गल्ल्यामागे पडून आहे ते.

तेव्हा 144 फ्रेम की 165 यावरून मित्राशी अबोला धरण्याआधी वाचकहो, एवढं करा: आपल्या मॉनिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. तिथे 60 हर्ट्झ लिहिलेलं असेल, तर तो पडदा सेकंदाला साठदाच चित्र बदलतो, कार्ड कितीचंही घ्या.