रात्री लॅप्स होताहेत!

मेंबरशिपचं वर्ष संपत आलं की कोथरूडच्या कित्येक घरांत पळापळ सुरू होते. टाइमशेअरच्या रात्री लॅप्स होणार असतात! पुस्तिकेत मुन्नार होतं, मनाली होती, गोव्याचा समुद्र तर मुखपृष्ठावरच होता. पण यांनी फोन केला की नेमकं तिथे सगळं फुल्ल. मोकळं काय, तर लोणावळा, मंगळवार ते शुक्रवार. म्हणजे 25 वर्षांच्या भटकंतीचे पैसे आगाऊ मोजलेला माणूस दर वर्षी देहू रोड, तळेगाव, कामशेत ओलांडत 60-65 किलोमीटरवर जाऊन पोहोचतो. लोकलने हाच प्रवास चहाच्या पैशात होतो, पण तो विषय त्यांच्यासमोर काढू नये.

ज्या घरात शिळी पोळीसुद्धा फोडणीला टाकून संपवतात, तिथे पैसे भरलेली अख्खी रात्र वाया कशी जाऊ द्यायची? म्हणून चुलतभावाचं लग्न बुडतं. मुलाची प्रीलिम चार दिवस पुढे ढकलता येईल का, हेही शाळेला विचारून बघितलं जातं. एका घरात तर नेमकं सुतक आलं. ज्येष्ठांनी तोडगा काढला, देवदर्शन चालत नाही, स्विमिंग पूल चालतो. एकवीरा पुढच्या वर्षी.

तिथे गेल्यावर खोली वसूल करायची असते. बाहेर पडलं तर ती रिकामी राहते, आणि रिकामी खोली म्हणजे शुद्ध नुकसान. लोहगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. यांच्या यादीत यायचाय. भाज्याची लेणी, राजमाची, सगळं 'निघायच्या दिवशी बघू'. निघायच्या दिवशी चिक्की घेतात. 'राहणं फुकट आहे हो!' हे दिवसभर एकमेकांना सांगायचं, आणि जेवणाचं बिल आलं की जरा मोठ्यांदा सांगायचं. बाहेरचं खाणं आणायला बंदी, म्हणून रात्री खोलीतल्या चहाच्या किटलीत मॅगी शिजते.

आणि तो बुफे! इथे माझं डोकं फिरतं. इंद्रायणी हे वडगाव मावळात तयार झालेलं वाण, 1987 सालचं. शिजायला लागलं की शेजारच्या घरी कळतं, असा तांदूळ. आणि मावळातल्या या झाकणाखालून काय निघतं? जिरा राइस! शेजारी नूडल्स, पलीकडे लाल रश्शात बुडालेलं पनीर. इंद्रायणीचा भात आहे का विचारलं तर वाढपी मॅनेजरला बोलावतो आणि मॅनेजर म्हणतो, "सर, तो चिकट होतो." चिकट होतो! अरे, चिकट होतो म्हणूनच तर तो इंद्रायणी! मऊ भात, वर वरण, तूप, लिंबू, यात तुझं काय बिघडलं? ज्या खाचरात तो पिकायचा त्या खाचराचं तुम्ही लॉन केलंत आणि खाचरवाल्याला शिट्टी देऊन त्याच लॉनच्या गेटवर उभं केलंत. तो संध्याकाळी घरी जातो आणि हाच भात जेवतो. साऱ्या रिसॉर्टात नीट जेवणारा तो एकटा.

कार्ल्याचे भिक्खू शहाणे. पावसाळ्यात डोंगरातल्या कोरीव खोल्यांत वर्षावास करायचे. त्यांच्या निर्वाहासाठी सुमारे 1900 वर्षांपूर्वी एका क्षत्रप राजाच्या जावयाने करजिक नावाचं अख्खं गाव दान दिलं, तसं लेण्यात कोरलेलंच आहे. आमच्या मंडळींनी खोलीचे पैसे भरले, आता दर वर्षी वाढत जाणारा मेंटेनन्सही भरतात, जीएसटीसकट, गेलं तरी आणि न गेलं तरी. (जावयाने खर्च करायची ही सुंदर प्रथा नंतर कोणी मोडली, याचा कोणीतरी शोध घ्यावा.)

सध्या एका मेंबराच्या मुलाचं लग्न ठरलंय. मुलगी कामशेतची. हनिमूनला तिने अंदमान म्हटलं. होणाऱ्या सासऱ्यांनी पुस्तिका काढली, फोन लावला. फुल्ल. आणि रात्री तर लॅप्स होताहेत! तेव्हा लोणावळा. मुलीची आई म्हणाली, पंधरा-सोळा किलोमीटर तर आहे, मी रोज डबा पाठवीन. रिसॉर्टवाल्यांनी नम्रपणे कळवलंय की बाहेरचा डबा चालणार नाही. सासूबाईंना मात्र जादा पैसे भरून एक्स्ट्रा बेड मिळेल.