डोमेनची मुदत विसरू नये म्हणून: एक स्वावलंबी पद्धत

डोमेन घेताना माणूस सढळ असतो. दुकान थाटण्याआधी दुकानाच्या नावाचे, लग्न ठरण्याआधी लग्नाच्या आमंत्रणाचे, आणि दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून आडनावाचे. वर्ष सरते, नूतनीकरणाची तारीख येऊन जाते. मोठ्या घरीही हे घडते. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी हॉटमेलचे लॉगिन सांभाळणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलवाल्यांना लॉगिन होईना. मायकेल चेनी नावाच्या लिनक्स प्रोग्रामरने ते पैसे पदरचे भरले. आपल्यासाठी कुणी चेनी धावून येणार नाही. म्हणून स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर डोमेनच्या तारखांची नोंद ठेवणारे 'डोमेनमॉड' हे सॉफ्टवेअर बसवावे. ते मुक्तस्रोत आहे आणि फुकट आहे. सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. सर्व्हर भाड्याने घ्यावा. अगदी लहान पुरतो. त्याचे वर्षाचे भाडे बहुधा सगळ्या डोमेनच्या फीपेक्षा जास्त भरते. घरी सांगताना 'गुंतवणूक' हा शब्द वापरावा.

२. अपाची, मारियाडीबी आणि पीएचपी बसवावे. स्क्रीनवर अक्षरे भराभर वर सरकत असताना हाताची घडी घालून अधूनमधून मान डोलवावी. दुसरे काही करायचे नसते.

३. डेटाबेसचा पासवर्ड अवघड ठेवावा, पण त्यात एकेरी अवतरणचिन्ह घालू नये. कॉन्फिग फाइलमध्ये ते दिसताच पीएचपी पासवर्ड तिथेच संपला असे धरून चालते आणि ब्राउझरमध्ये पांढरे स्वच्छ पान येते. त्या पानाकडे कितीही वेळ पाहिले तरी बोध होत नाही. अपाचीच्या एरर लॉगची शेवटची ओळ वाचावी. तिथे ओळ क्रमांक दिलेला असतो. चूक बरेचदा त्याच्या आदल्या ओळीत असते.

४. फोल्डरमध्ये लिहिता येत नाही अशी तक्रार आली की कुणीतरी जाणकार 'सीएचमॉड ७७७', म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, सुचवतो. हा उपाय म्हणजे कुलूप उघडेना म्हणून दारच काढून ठेवणे. फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला द्यावी आणि जाणकाराचे आभार मानावेत.

५. आता माहिती भरावी. मुदत कधी संपते हे सॉफ्टवेअरला बहुधा आपणच सांगायचे असते. रजिस्ट्रारच्या पानावर पाहून एकेक तारीख टाइप करताना एखादे डोमेन गेल्या महिन्यातच संपल्याचे आढळेल. घाबरू नये. डॉट कॉमसाठी बरेच रजिस्ट्रार आधी थोडी वाढीव मुदत देतात. नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस जबर दंड भरून ते सोडवता येते. पुढच्या ५ दिवसांनी मात्र ते कुणाचेही.

६. ठरल्या वेळी आपोआप काम करणारा क्रॉन लावावा, नाहीतर आठवणीचे पत्र निघतच नाही. सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर चालते, हे ध्यानात ठेवावे. सकाळी ९ ला लावलेली आठवण आपल्याकडे दुपारी अडीचला, ऐन वामकुक्षीत पोहोचते.

७. आठवण कोणत्या पत्त्यावर यावी? त्याच डोमेनवरचा ईमेल भारदस्त दिसतो, पण डोमेन संपले की तो पत्ताही संपतो. मग 'तुमची मुदत संपली' हे पत्र पोहोचवायला जागाच उरत नाही.

८. रजिस्ट्रारकडे 'ऑटो-रिन्यू'ची एक चौकट असते, तीच टिचकवली तर? अशी शंका मनात आणू नये. शिवाय ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांचे हप्ते भारतीय कार्डांवरून आपोआप वळते होतीलच, याचा भरवसा राहिलेला नाही.

९. पत्र आल्यावर नूतनीकरणही आपणच करायचे. डोमेनमॉड फक्त नोंद ठेवते, पैसे भरत नाही. भरून झाल्यावर नवी तारीख पुन्हा टाइप करावी. ही पायरी सर्वांत आधी विसरली जाते.

१०. आता लक्षात ठेवायला आणखी काही गोष्टी झाल्या आहेत: सर्व्हरचे भाडे, बॅकअप, अपडेट आणि लेट्स एन्क्रिप्टचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र. त्यांपैकी सर्व्हर चालू आहे का आणि प्रमाणपत्र कधी संपते यांवर नजर ठेवायला 'अपटाइम कुमा' नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मिळते. ते वेगळ्या सर्व्हरवर बसवावे. पहिलाच बंद पडला तर कळवणार कोण? दुसऱ्या सर्व्हरला नाव लागेल. नवे डोमेन घ्यावे. पहिल्या वर्षी स्वस्त पडते.