पक्षियजमान

ज्या सदनिकेत कुत्रा पाळण्यास सोसायटीची आणि मांजर पाळण्यास घरच्यांची हरकत असते, तिथल्या गॅलरीत पिंजऱ्यालगत एक सामाजिक प्रकार हमखास आढळतो. सोयीसाठी त्याला ‘पक्षियजमान’ म्हणता येईल. पंगतीत पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडल्याखेरीज ज्यांना चैन पडत नसे, अशा पूर्वजांचा हा यजमान थेट वारस होय. राघूसारखे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा असल्यामुळे त्याच्या आग्रहाचा सारा भार हल्ली बजरीगर या परदेशी पाहुण्यावर पडला आहे. बजरीगर म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात थव्याने हिंडणारा, जेमतेम ३० ते ४० ग्रॅम वजनाचा पोपट. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि पुढे तो जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचला. आपल्याकडच्या बाजारात तो ‘लव्हबर्ड’ म्हणून खपवला जातो, परंतु खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, ही माहिती यजमान प्रत्येक आगंतुकाला चहा येण्यापूर्वीच पुरवतो.

या प्रकाराच्या जीवनक्रमात दोन अवस्था स्पष्ट दिसतात. पहिल्या, म्हणजे दाणावादी अवस्थेत ‘वाटी भरलेली, म्हणजे पक्षी सुखी’ हा त्याचा सिद्धान्त असतो. राळा आणि बाजरी यांवर सूर्यफुलाच्या बिया व शेंगदाणे यांची तो सढळ हाताने पेरणी करतो, आणि पक्षी नेमका त्याच तेलकट बिया आधी उचलतो, ही आपल्या आदरातिथ्याला मिळालेली पावती आहे असे समजतो. वास्तविक रानात गवताच्या बारीक बियांसाठी या पक्ष्याला लांबवर उडावे लागते, तर पिंजऱ्यात त्याचा प्रवास दोन दांड्यांपुरता उरतो. त्यामुळे न जळलेली चरबी यकृतात साठते, आणि नुसत्या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व व कॅल्शियम अपुरे असल्याने श्वसनाचे आणि हाडांचे विकारही जडतात. अर्ध्या ग्रॅमचा एक शेंगदाणा ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला देणे म्हणजे ७० किलोच्या गृहस्थाला एका बैठकीत किलोभर शेंगदाणे चारणे होय, हा त्रैराशिकाचा हिशेब यजमानाला सुचत नाही, कारण आग्रहाला मोजमाप नसते.

या अवस्थेतील सर्वांत करुण विनोद वाटीतच घडतो. बजरीगर दाणा गिळण्यापूर्वी चोचीत फिरवून सोलतो आणि टरफल पुन्हा वाटीत टाकतो. परिणामी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, यजमान समाधानाने वर्तमानपत्र उघडतो, आणि पाहुणा मात्र टरफलांच्या ढिगावर उपाशी बसलेला असतो. ‘अहो, वाटीत फुंकर मारून बघा तरी!’ ही स्वयंपाकघरातून आलेली सूचना बहुधा पक्षिवैद्यकातील त्या घराला लाभलेला पहिला शास्त्रीय सल्ला ठरते.

पक्षिवैद्याकडची एक फेरी झाली की दुसरी, म्हणजे शास्त्रवादी अवस्था सुरू होते. आता पेलेट, म्हणजे धान्य, जीवनसत्त्वे व खनिजे एकत्र दळून बनवलेल्या बारीक गोळ्या, हा आहाराचा पाया ठरतो. जोडीला मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग आणि फळाची जराशी फोड येते, तर कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या अंगातील पांढरे कवच, जाळीला अडकवले जाते. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते म्हणून पालक बेताने. आणि अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारवलेले फरसाण व सफरचंदाच्या बिया पूर्ण वर्ज्य, अशी यादी फ्रिजवर लागते. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, हे कळल्यावर तर यजमानाच्या मनात पाहुण्याविषयी काहीसा कोल्हापुरी आदर उत्पन्न होतो.

पाहुणा मात्र या शास्त्राला जुमानत नाही. अनोळखी वस्तू अन्न आहे हेच त्याला पटत नसल्याने तो गाजराच्या किसाकडे पाहून पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला सरकतो. थव्यातील इतरांना खाताना पाहून पोपट खायला शिकतात, असे ऐकल्यावर यजमान स्वतःच पिंजऱ्यासमोर खुर्ची मांडून, तृप्तीचे हुंकार देत, कच्चे गाजर चावू लागतो. ज्या गृहस्थाने लग्नापासून कोशिंबिरीला हात लावला नाही, त्याचे हे तप पाहून घरातील मंडळी अवाक होतात. तिथेही जुना स्वभाव उफाळतोच: ‘भूक लागली की खाईल’ म्हणून तो एका दिवसात सगळे दाणे काढून घेतो, आणि चयापचय वेगवान असलेल्या या इवल्या जिवाला उपास किती थोड्या वेळात महागात पडतो, हे विसरतो.

तात्पर्य, पिंजऱ्यातील पोपटाचे नुकसान कंजूष माणसापेक्षा प्रेमळ माणूसच अधिक करतो, मग ते प्रेम शेंगदाण्याचे असो वा गाजराचे. म्हणून यजमानाने रोज टरफले फुंकावीत, दाणे आठवड्यांच्या अवधीत हळूहळू कमी करावेत, स्वयंपाकघरातील काट्यावर पक्ष्याचे वजन करून वहीत मांडावे, ओली भाजी नासण्यापूर्वी काढून घ्यावी, आणि आग्रह करण्याची हौस दिवाळीला येणाऱ्या जावयासाठी राखून ठेवावी.