हत्तीचा श्वास आणि झोपाळ्याच्या कड्या

वॉल्थमस्टो, लंडन

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे चिरंजीव आणि सूनबाई दोघंही एकदम बोलतात आणि ऐकणाऱ्याला फक्त 'भिंत' एवढंच कळतं, म्हणून 'कोणाचीही बाजू न घेता तिऱ्हाइतासारखं लिहून कळवा' अशी बाबांची आज्ञा झाली. त्यानुसार हा निःपक्षपाती वृत्तान्त. लेखणी कोणाच्या हातात आहे, हे ओळखायचा प्रयत्न करू नये.

इथे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे. एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांची ओळ म्हणजे टेरेस. १८७० साली वॉल्थमस्टोला रेल्वे आली आणि पुढच्या तीसेक वर्षांत शेतं जाऊन अशा ओळीच ओळी उठल्या. त्यांतलंच हे एक घर, वय सव्वाशेच्या पुढे. वाईच्या वाड्यात 'जुनं घर म्हणजे रोजची डागडुजी' असं म्हणत तुमचे चिरंजीव मोठे झाले आणि परदेशात येऊन, कर्ज काढून, तेच घेऊन बसले.

सुरुवात भिंतीवरच्या कागदापासून झाली. वरचा थर वुडचिपचा, म्हणजे दोन कागदांच्या मध्ये लाकडाचा भुसा. रंग दिला की भिंतीला घामोळं आल्यासारखं दिसतं. १८६४ साली ह्यूगो एर्फुर्ट या जर्मन गृहस्थाने तो शोधला, तेव्हापासून काढणारे त्याचं नाव घेत आहेत. वाफेचं यंत्र लावून तो निघाला, तर खाली आणखी तीन थर. प्रत्येक थराला चिरंजीव मोहेंजोदडो सापडल्यासारखी हाक मारत आणि सूनबाई हातातली पोळी तव्यावर टाकून धावत येत. त्या आठवड्यात पोळ्या करपल्या.

मग चिरंजिवांचं लक्ष छताकडे गेलं. तिथे गिलाव्यात पंख्यासारखी नक्षी होती. ते खरवडणी घेऊन शिडीवर चढले. सूनबाईंनी शिडी धरली आणि खाली उतरायची नम्र विनंती केली. अशा जुन्या नक्षीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी आली ती थेट १९९९ साली. चिमूटभर नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल 'नाही' असा आला, तरी बरोबर कोण होतं, हे तिऱ्हाईत सांगत नाही.

खरं रण पेटलं ते सजावटीवरून. नक्षीदार कागदांसाठी जगभर ओळखला जाणारा विल्यम मॉरिस १८३४ साली याच वॉल्थमस्टोत जन्मला. त्याच्या लहानपणच्या एका घरात आता त्याचं संग्रहालय आहे आणि ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हा चिरंजिवांचा दुर्दैवयोग. सूनबाई तिथून परतल्या त्या 'स्ट्रॉबेरी थीफ' ठरवूनच. १८८३ सालची ही नक्षी, बागेतल्या स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या पक्ष्यांची. चिरंजीव म्हणाले, ''वाईच्या माणसाने स्ट्रॉबेरी चोरणारी पाखरं घरात लावायची? महाबळेश्वरचा रस्ता कुठून जातो?'' शिवाय मॉरिसच्या सुरुवातीच्या हिरव्या कागदांत आर्सेनिक असायचं, ही माहितीही त्यांनी जेवताना पुरवली. आजच्या कागदांत ते नसतं, हे सांगायला मात्र विसरले.

त्यांचा स्वतःचा कौल साध्या रंगाला होता. फॅरो अँड बॉल कंपनीचं रंगपत्रक आलं. त्यात एका रंगाचं नाव 'एलिफंट्स ब्रेथ', हत्तीचा श्वास. दुसरा 'डेड सामन'. इथे 'डेड' म्हणजे मेलेला नव्हे, तर चमक नसलेला, पण सूनबाईंनी बैठकीच्या खोलीत मासा ठेवायला साफ नकार दिला. हत्तीवर तडजोड झाली. डबा आला.

तेवढ्यात खालच्या भिंतीला गुडघाभर ओल दिसली. म्हातारा गवंडी आला, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, ही भरीव विटांची भिंत, चुन्यात बांधलेली. ओल आत यायची आणि चुन्यातून परत उडून जायची. मधे कोणीतरी सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिकचा रंग फासला, आता पाण्याला वाट नाही. भिंतीला श्वास घेऊ द्या.

बाबा, माजघराला सिमेंट आणि वर ऑइलपेंट तुम्हीच लावला होतात ना? दोन पावसाळ्यांत पोपडे धरले, तेव्हा चिरंजीव तुम्हाला हसले होते म्हणे. गवंड्यासमोर ते अजिबात हसले नाहीत.

सिमेंट उतरवलं, चुन्याचा गिलावा झाला, वर चुन्याचीच सफेदी. म्हणजे वाड्यात होती तीच भिंत, पौंडांत. कागदाचा प्रश्न मिटला. मॉरिसचे पक्षी पडद्यावर आले आणि ते मुळात कापडासाठीच होते: कापड आधी निळीत बुडवायचं आणि मग नक्षीपुरता रंग उडवायचा. हत्तीचा श्वास संडासाच्या दाराला लागला.

राहिला झोपाळा. तो हवा यावर मात्र दोघांचं पहिल्या दिवसापासून एकमत. सुताराने छत ठोकून पाहिलं. वर बारीक लाकडी पट्ट्या, त्यांवर चुना आणि त्यामागे कुठेतरी वासे. ''किती जण बसणार?'' ''दोघं,'' चिरंजीव म्हणाले. ''पाहुणे आले की चार,'' सूनबाई म्हणाल्या. सुताराने अवजारं पिशवीत भरली. आता जमिनीवर उभी राहणारी लाकडी चौकट करायची ठरली आहे.

तरी जूनमध्ये येताना माळ्यावरच्या पितळी कड्या आणाव्यात. चारही. वजन जास्त होत असेल तर लोणचं कमी करा, पण लिंबाचं नको, कैरीचं.

आपला,
एक तिऱ्हाईत

ता. क. पत्र वाचून चिरंजिवांनी एक दुरुस्ती सुचवली आहे: शिडी 'धरली' नव्हती, हलवली होती. तिऱ्हाइताला ही दुरुस्ती मान्य नाही.