लक्ष्म्यांपुढचं तळं

छोट्या मापाची बंदरं, धक्के आणि नदीकाठ करणारी हौशी माणसं जगभर आहेत, आणि पाणी कशाचं करायचं या एकाच प्रश्नाने त्यांची झोप उडालेली असते. कुणी रेझिन ओततं, कुणी काचेला खालून रंग देतं, कुणी फेविकॉलचे थरावर थर चढवतं. आमच्या बीडमध्ये हा प्रश्न दुय्यम आहे. इथे आधी ठरवावं लागतं, पाणी किती दाखवायचं.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली तेव्हापासून आमच्या महालक्ष्म्यांची आरास पुठ्ठा आणि कागदी फुलांवर भागत होती. २०२५च्या भाद्रपदात मात्र मी जाहीर केलं की यंदा लक्ष्म्यांपुढे कंकालेश्वर करणार. शंभरास एक या मापात, पाण्यासकट. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, कंकालेश्वर हे आमच्या शहरातलं महादेवाचं जुनं मंदिर. काळ्या दगडाचं, तीन गाभाऱ्यांचं, चांदणीसारख्या कोनाकोनांच्या भिंतींचं, आणि चक्क तळ्याच्या मधोमध उभं. ज्या जिल्ह्याची माणसं पाणी आणि काम दोन्ही मिळेना म्हणून कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या जिल्ह्याने आपलं सगळ्यांत देखणं देऊळ पाण्यात बांधून ठेवलंय. बांधणाराला विनोदाची जाण असणार.

मंदिर कंकालेश्वराचं घ्यायचं आणि समोरचा काठ गावाकडच्या तलावाचा, असं मी ठरवलं. पायऱ्या, धुणं, म्हशी, चार रिकामटेकडे. मंदिरासाठी सनबोर्ड कापला, शाई संपलेल्या रिफिलने दगडांचे सांधे कोरले. काळ्या दगडाला काळा रंग फासला की दगड दिसत नाही, डांबर दिसतं. म्हणून आधी राखाडी-तपकिरी हात, वर पातळ काळा, आणि शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांवरून पांढुरका फिरवायचा. देऊळ एकदम हजार वर्षांनी म्हातारं होतं.

माणसांनी जास्त छळलं. आर्किटेक्चरच्या पोरांसाठी शंभरास एक मापाची प्लॅस्टिकची माणसं तयार मिळतात. उंची दीड-पावणेदोन सेंटिमीटर. पण सगळी पँट-शर्टातली, हातात ब्रीफकेस, कुठल्या तरी मॉलकडे निघालेली. त्यांना धोतर नेसवायला एम-सीलची पोळी कागदाइतकी पातळ लाटावी लागते आणि टोपी सुईच्या टोकाने बसवावी लागते. ब्रीफकेसचं काय करावं ते सुचेना, तेव्हा तिला करडा रंग देऊन पत्र्याची बादली केली. जनावरांच्या पाकिटात गायी निघाल्या, त्याही परदेशी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. त्यांना एम-सीलची मागे वळलेली शिंगं लावली, पाठीचा कणा फुगवला, काळा रंग दिला. दोन संध्याकाळींत अख्खा गोठा मऱ्हाटी झाला.

पॅरिसमध्ये १८२२ साली दागेर नावाच्या गृहस्थाने डायोरामा सुरू केला तेव्हा भल्यामोठ्या चित्रावरचा उजेड बदलत जायचा आणि प्रेक्षकांचा अख्खा सज्जाच एका देखाव्यावरून दुसऱ्याकडे फिरवला जायचा. आमच्याकडे प्रेक्षक बसतच नाहीत. उभ्या उभ्या सूचना करतात.

माझा पहिला आराखडा खरं सांगायचं तर अप्रतिम होता. पाणी तळाशी गेलेलं. पायऱ्यांवर उतरत्या पातळीच्या पांढुरक्या रेघा, प्रत्येक रेघ म्हणजे एक महिना. कडेला भेगाळलेला गाळ, त्यात अडकलेली चप्पल, उघडा पडलेला मोटारीचा पाइप, आणि वरच्या रस्त्यावर टँकर नि घागरींची रांग. कलेत वास्तव असावं, हे मी तीस वर्षं पोरांना सांगत आलो होतो. बायकोने कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि म्हणाली, “अहो, लक्ष्म्या वर्षातून एकदा माहेरी यायच्या, आणि तुम्ही त्यांना टँकरच्या रांगेत उभं करता?”

यावर वास्तववादाकडे उत्तर नाही. आत्याबाई माजलगावहून आल्या होत्या. त्यांनी ठराव मंजूर केला : “लक्ष्मीपुढं कोरडं तळं दावत न्हाईत. काठोकाठ भर.” पुण्याहून पोराने व्हिडिओ कॉलवर भर घातली, “पप्पा, पाणी निळं करा हं.” पुतण्याला काठालगत रेल्वेचा रूळ पाहिजे होता. परदेशी मॉडेलांच्या चित्रांत तो असतोच. मी त्याला सांगितलं, वास्तवदर्शी कामात मी स्वप्नं घेत नाही. पुढे पंधरा-वीस दिवसांत, १७ सप्टेंबर २०२५ला, रेल्वे खरोखरच बीडला आली. तेव्हापासून पुतण्या माझ्या वास्तवाच्या अभ्यासाबद्दल जाहीरपणे शंका घेतो.

निळ्याला मात्र मी बधलो नाही. आपल्याकडचं पाणी निळं फक्त कॅलेंडरवर असतं. आणि मॉडेलमधलं पाणी खोल असतं ते ओतल्याने नव्हे, तळाला रंगवल्याने. काठाशी गढूळ मातकट, आत शेवाळी, मधोमध हिरवट काळा. त्यावर रेझिनचे पातळ थर, सगळे मिळून पाच मिलिमीटर. जाड थर एकदम ओतला तर रेझिन आपल्याच उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, तडकतंही.

पाच मिलिमीटर हा शब्द मी मोठ्याने उच्चारला तेव्हा शेजारचे साहेब दारात उभे होते. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. पालीच्या बिंदुसरा तलावाची चादर पडू लागली की सगळं शहर भजी खायला जातं. साहेब पट्टी वाचायला जातात.

“पाच मिलिमीटर गुणिले शंभर,” साहेब म्हणाले, “म्हणजे अर्धा मीटर. सर, हा तर मृत साठा झाला.”

मग ते स्टूल ओढून बसलेच. लांबी-रुंदी-खोली शंभर-शंभर पटीने वाढते, म्हणजे घनफळ दहा लाख पटीने. तुमचं एक लिटर रेझिन म्हणजे दहा लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे शंभर टँकर! बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. रेझिनची किंमत ऐकल्यापासून ती माझ्याशी मोजकंच बोलत होती. आता एवढे टँकर घरात आहेत म्हटल्यावर तिचा सूर जरा नरमला. २०१६च्या एप्रिलात, धनेगावचं मांजरा धरण आटल्यावर, मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे निघाली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. माझ्या मापात अर्धा लिटर. साहेबांनी रेझिनची बाटली उचलून उजेडात धरली आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

पण माप लहान केलं तरी पाणी लहान होत नाही, हा या धंद्यातला मूळ घोळ. थेंब तेवढाच राहतो. म्हणून सिनेमातलं छोटं जहाज वादळात सापडलं की न्हाणीघरात सापडल्यागत दिसतं, आणि ते लपवायला चित्रीकरण जास्त वेगाने करून संथ दाखवतात. हे सगळं नीट हिशेबाने करणारी जागा पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, १९१६ पासूनचं. तिथे बंदरं, धरणं, नद्या छोट्या मापात बांधून त्यांत खरं पाणी सोडतात, यंत्राने लाटा उठवतात. साहेब कधीकाळी तिथे जाऊन आलेत, त्यामुळे तिथलं सूत्र त्यांना पाठ : शंभरास एक मापात वेळ दहा पट जोरात पळतो.

“म्हणजे बघा सर, तुमच्या या तळ्यावर चार महिन्यांचा पावसाळा बारा दिवसांत आटोपणार.”

“तो तसाही बाराच दिवसांत आटोपतो,” बायको म्हणाली.

रेझिन ओतायला कोरडी हवा लागते. दमट हवेत ते वरून चिकट, पांढुरकं होतं. बीड जिल्ह्यात राहून, भाद्रपदात, मनातल्या मनात का होईना, ‘आज पाऊस नको’ म्हणणं हा जवळजवळ राजद्रोह आहे. मी तो केला. त्याच महिन्यात पुढे सिंदफणेने आणि इतर नद्यांनी शेतंच्या शेतं खरवडून नेली, ते लिहायला वेगळा लेख आणि वेगळी लेखणी पाहिजे. माझ्या वाट्याला एक उघडी दुपार आली. दोन भाग मोजून मिसळले, सावकाश ढवळले, पहिला थर ओतला, लायटरची ज्योत वरून भराभर फिरवली. बुडबुडे पटापट फुटले. पाणी काचेसारखं शांत, देवळाचं शिखर त्यात उलटं उभं. एवढ्यात गल्लीतून आरोळी आली, “नळ आला!” आणि माझ्या तळ्याचं कौतुक करत उभं असलेलं सगळं घर हंडे-बादल्या घेऊन पळालं. खऱ्या पाण्यापुढे कला टिकत नाही.

शेवटच्या थरावर मी पुठ्ठ्याची पाटी ठेवली : हात लावू नये. आत्याबाईंनी ती वाचली. पण वाचणं वेगळं आणि पाणी बघणं वेगळं. पाणी आहे म्हटल्यावर बोट बुडवून बघायचं, हा हात आयुष्यभर रांजणाचा तळ चाचपत आलेला. सकाळी तळ्यात घाटाजवळ बोटाचा गोल खळगा कायमचा गोठलेला होता, आणि आत्याबाई पदराने बोट पुसत विचारत होत्या, “ह्ये पाणी चिकाट का हाय?” साहेबांनी मोजलं. दीड सेंटिमीटर, म्हणजे जागेवर दीड मीटर. एवढ्या रुंदीचं पाण्यात काय बसतं? म्हैस! एका म्हशीचे पाय कापले, तिला पोटापर्यंत त्या खळग्यात बसवली, भोवती दोन वळ्या उमटवल्या. हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना सगळ्यांत जास्त आवडली ती म्हैस. माझ्या चांदणीच्या आकाराच्या भिंतीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पाहिलं ते पाणी. एकूणएक बाईने आधी पातळी पाहिली. “भरलंय बाई छान!” शेवटी मी वरच्या दोन पायऱ्या सोडून भरलं होतं, ना आत्याबाईंचं काठोकाठ, ना माझं वास्तव. एकीने विचारलं, दोन पायऱ्या कमी का? साहेबांनी पुढे होऊन, पुराला जागा ठेवावी लागते, असं उत्तर दिलं. पायरीच्या कडेला त्यांनी स्वतःच्या हाताने सुईएवढी पट्टी रंगवली होती, आकड्यांसकट. पोराटोरांनी तळ्यात रुपये टाकले. शंभरास एकच्या हिशेबात दोन-दोन मीटर रुंदीची चकचकीत नाणी पाण्यावर तरंगत होती आणि धोतरवाले रिकामटेकडे त्यांच्याकडे पाहत बसले होते.

मग पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. त्यांनी लक्ष्म्यांना हळद-कुंकू वाहिलं, तळ्याकडे वळल्या, मंदिर पाहिलं आणि हात जोडले. “महादेव हाय की रं ह्यो.” कुणाच्या काही ध्यानात यायच्या आत देव्हाऱ्याजवळचा तांब्या उचलून त्यांनी शिखरावर धार धरली. हजार वर्षांचा म्हातारा दगड पोस्टर कलरसकट ओघळू लागला. पाणी रेझिनवर पसरलं, चढलं, म्हशीच्या पाठीला लागलं, पहिली मोकळी पायरी बुडाली.

मी फडकं आणायला आत धावलो. परत येईपर्यंत साहेबांनी पट्टी वाचून काठावरच्या गावांना सतर्कतेचा इशारा देऊन टाकला होता.